त्र्यंबक: तीर्थाचं नाव, माणसाचं नाव



30 एप्रिल 1870 रोजी इथून, नाशिकहून, अठ्ठावीस किलोमीटरवर, त्र्यंबकेश्वरी एका शास्त्र्यांच्या घरात मुलगा जन्मला. गावात ज्योतिर्लिंग आहे, डोक्यावर ब्रह्मगिरी आहे, दारापुढून यात्रा जाते. अशा घरानं मुलाचं नाव काय ठेवावं? दाजीशास्त्री फाळक्यांनी ठेवलं धुंडिराज. धुंडिराज हा काशीचा गणपती, विश्वनाथाच्या अंगणातला. पुढे हाच धुंडिराज गोविंद फाळके 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ घेऊन लोकांपुढे आला आणि दादासाहेब फाळके म्हणून जगाला कळला. त्र्यंबकात जन्मलेल्या सर्वांत प्रसिद्ध माणसाचं नाव त्र्यंबक नाही.

आता उलट बाजू बघा. 1890 साली खानदेशात धरणगावला एक मुलगा जन्मतो, त्याचं नाव त्र्यंबक. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी. ‘गावगाडा’ लिहिणारे आत्रे, त्रिंबक नारायण. पानिपतचा इतिहास लिहिणारे शेजवलकर, त्र्यंबक शंकर. 1919 साली अक्कलकोटला जन्मलेले सरदेशमुख, त्र्यंबक विनायक. यांपैकी एकही या गोदाकाठचा नाही.

संयोजकांनी विषय माझ्यावर सोपवला तेव्हा हाच मुद्दा मला बोलावासा वाटला. जुन्या काळी तीर्थाचं नाव बहुधा तीर्थाबाहेर वाढत असे. लोक चालत येत, कुशावर्तात स्नान करत, काही मागत, काही बोलून जात, आणि परत जाताना नाव घेऊन जात. त्र्यंबक हे नाव अशा चालण्यातून महाराष्ट्रभर पसरलं, असं माझं मत आहे. आज ते दुर्मीळ झालंय. एखाद्या नव्या बारशाला ते ऐकू आलं तर माना वळतात. या नावाचं मूळ काय, ते कुणी कुणी मिरवलं आणि ते मागे का पडलं, हे आज तुमच्यापुढे मांडतो.

मुळापासून सुरुवात करू. शब्द वेदातला आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठांच्या नावावर जो मंत्र आहे, ज्याला आपण महामृत्युंजय म्हणतो, त्याचा पहिलाच शब्द हा. यजुर्वेदात तोच मंत्र येतो आणि तिथे रुद्राला हवी देण्याचा एक विधीच त्र्यंबक नावानं ओळखला जातो. अर्थ विचारला तर बहुतेक लोक सांगतील, तीन डोळ्यांचा. अंबक म्हणजे डोळा. पण अंबा, अंबिका म्हणजे आई, आणि तीन आया असलेला हाही अर्थ जुनाच आहे. शतपथ ब्राह्मण आणखी वेगळं सांगतं. तिथे अंबिका ही रुद्राची बहीण आहे, त्या हवीत तिचाही वाटा आहे आणि स्त्रीसह वाटा म्हणून त्या आहुतीला हे नाव पडलं, अशी व्युत्पत्ती दिली आहे. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ती कितपत टिकेल हा प्रश्न वेगळा. मला मात्र ती फार आवडते. उग्र म्हणून ज्याला गावाबाहेर हवी द्यायची, त्या देवाच्या नावात ऋषींना बहीण दिसली.

आणि इथे, आपल्या गाभाऱ्यात, तिसराच अर्थ रूढ आहे. त्र्यंबकेश्वरी इतर ठिकाणांसारखी वर आलेली पिंड नाही. खळगा आहे आणि त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं आहेत, ब्रह्मा, विष्णू आणि महेश. यात्रेकरूला ‘त्र्यंबक’ची फोड विचारली तर तो हे तीन देव सांगतो. कोशाला ते मान्य नसेल. ज्यानं वाकून त्या खळग्यात पाहिलंय, त्याच्यासाठी तोच खरा अर्थ आहे, आणि ज्या बापानं मुलाला हे नाव दिलं त्याच्या मनातही तोच असणार.

उच्चाराबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण पुढे त्याचं काम आहे. ‘त्र्यं’ हे अक्षर अवघड आहे, ही तक्रार आजची नाही. त्या वैदिक मंत्राचा पहिला चरण जसा लिहितात तसा मोजला तर एक अक्षर कमी भरतं. छंद पुरा करायचा तर ‘त्रि-अंबक’ असं सोडवून म्हणावं लागतं. कालिदासानं ‘कुमारसंभवा’च्या तिसऱ्या सर्गात, समाधी लावून बसलेल्या शंकराच्या वर्णनात, सरळ ‘त्रियंबक’ असं रूप वापरलं. वैयाकरणांनी त्यावर पुष्कळ काथ्याकूट केला, पण कवीनं जिभेला हवं ते केलं. काश्मिरात शैवांची जी अद्वैत परंपरा आहे, तिचा मूळपुरुष त्र्यंबक. सोमानंद त्याच परंपरेतला. तो लिहितो की देशभाषेत या परंपरेला ‘तेरंबा’ म्हणतात. हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या काश्मिरी जिभेनं त्र्यंबकचं तेरंबा केलं. आपल्या मराठी जिभेनं त्रिंबक केलं, तिरंबक केलं. गुजरातीत त्र्यंबकलाल झाला, त्रंबक झाला. नाव अवघड होतं म्हणून कुणी टाकून दिलं नाही. घासूनपुसून, तोंडात बसेल असं करून ठेवून घेतलं.

मराठी कागदपत्रांत ‘त्रिंबक’ हेच रूप सर्रास भेटतं. त्या काळी माणसाची ओळख स्वतःचं नाव आणि बापाचं नाव अशी जोडीनं चाले. शिवाजी महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे कागदावर ‘मोरो त्रिंबक’ असतात. आता योग पाहा. 1670 च्या सुमारास मराठ्यांनी मोगलांकडून त्र्यंबकगड घेतला, ती मोहीम याच मोरो त्रिंबकांची. बापाच्या नावाचा डोंगर मुलानं जिंकला. महाराजांच्याच पदरी आणखी दोन त्र्यंबक आहेत. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला तेव्हा महाराज विशाळगडाकडे निसटल्यावर मागे गड सांभाळणारे त्र्यंबक भास्कर. आणि आग्र्याला महाराजांबरोबर गेलेले त्र्यंबक सोनदेव डबीर. महाराज निसटले, पण त्र्यंबकपंत आणि रघुनाथपंत कोरडे मोगलांच्या हाती लागले. त्यांनी यातना सोसल्या आणि पुढे ते सुटून आले. दोघांचीही कामगिरी मागे राहण्याची. पाठीमागचं दार सांभाळणाऱ्या माणसांना इतिहासात जागा कमी मिळते, म्हणून त्यांची नावं इथे मुद्दाम उच्चारतो.

भोसल्यांच्या घरातलंच एक उदाहरण सांगतो. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे. यांतल्या शरीफजींच्या मुलाचं नाव त्र्यंबकजी. बापाचं नाव पिराचं, मुलाचं ज्योतिर्लिंगाचं. त्या घराला यात काही विसंगत वाटलं नाही. जिथे मन ठेवलं तिथलं नाव घरात आणलं. सतराव्या शतकातल्या महाराष्ट्राचं मन समजून घ्यायला बापलेकांची ही दोन नावं मोठमोठ्या ग्रंथांइतकीच उपयोगी आहेत.

पुढच्या शतकात तळेगावच्या दाभाड्यांकडे त्र्यंबकराव होतो. छत्रपती शाहूंचा सेनापती. 1 एप्रिल 1731 रोजी डभईच्या लढाईत पहिल्या बाजीरावाच्या फौजेशी लढताना तो पडला. त्याची आई उमाबाई, अभोण्याच्या ठोके देशमुखांची मुलगी. म्हणजे माहेर आपल्याच जिल्ह्यातलं, कळवणच्या बाजूचं. सप्तशृंगगडाच्या पायऱ्या बांधवणाऱ्या त्याच या उमाबाई. पेशव्यांच्या नात्यातले त्र्यंबकराव पेठे, ज्यांना सगळे त्र्यंबकमामा म्हणत, त्यांनी 1771 साली मोती तलावाच्या लढाईत हैदराला हरवलं आणि 1774 साली रघुनाथरावाशी लढताना पंढरपूरजवळ प्राण दिला. तिकडे दक्षिणेत, तंजावरच्या मराठी राजांच्या दरबारात, स्त्रीधर्मावर ग्रंथ लिहिणारा पंडित त्र्यंबकयज्वा होता. त्यातल्या मतांशी मी मुळीच सहमत नाही, पण नाव कावेरीपर्यंत पोचलं होतं याचा तो पुरावा आहे. याच काळात, 1755 मध्ये, नानासाहेब पेशव्यांनी त्र्यंबकेश्वरचं आजचं काळ्या पाषाणाचं देऊळ बांधायला घेतलं आणि ते पुरं व्हायला तीस वर्षांवर काळ लागला. देवळाला राजाश्रय आणि नावाला प्रतिष्ठा, दोन्ही एकाच शतकातलं.

आणि मग येतो या नावाचा सर्वांत वादग्रस्त धनी, त्रिंबकजी डेंगळे. त्याच्यावर मी जरा थांबणार आहे, कारण त्याची गोष्ट आपल्या जिल्ह्यात येऊन संपते.

त्रिंबकजी नगरकडचा, निमगाव जाळीचा. साध्या हुद्द्यावरून चढत चढत तो दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी झाला. 1815 च्या जुलैत बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन यानं त्याचा ठपका त्रिंबकजीवर ठेवला आणि बाजीरावावर दडपण आणून त्याला ताब्यात घेतलं. ठाण्याच्या किल्ल्यात त्याला ठेवलं. पहारा सगळा गोऱ्या शिपायांचा, म्हणजे कुणाला मराठीचा गंध नाही. कथा अशी सांगतात की किल्ल्यातल्या एका अधिकाऱ्याकडे एक मराठी मोतद्दार नोकरीला लागला. खिडकीखालून घोडा फिरवताना तो गाणी म्हणत असे आणि त्या गाण्यांतून पळून जाण्याचा बेत त्रिंबकजीच्या कानावर पडत होता. पहारेकरी ऐकत होते आणि त्यांना काहीच कळत नव्हतं. 1816 च्या सप्टेंबरात त्रिंबकजी निसटला. बिशप हेबर या इंग्रज धर्मगुरूनं ही कथा आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली आहे.

त्यानंतर हा माणूस दीड-पावणेदोन वर्षं इंग्रजांना झुलवत राहिला. 1817 च्या पुणे तहात त्याला हवाली करण्याचं कलमच होतं. एका माणसाचं नाव तहाच्या कलमात! अखेर 1818 च्या जून महिन्यात तो सापडला, तो आपल्या निफाड तालुक्यातल्या आहेरगावात. तिथून त्याला काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात नेलं. हेबरनं 1824 साली त्याला तिथेच पाहिलं. 1829 साली तो तिथेच वारला. त्र्यंबकाचं नाव घेतलेला माणूस विश्वनाथाच्या वेशीवर, कैदेत मेला. खुनातला त्याचा हात किती, यावर इतिहासकारांनी वाद घालावा. पेशवाई बुडत असताना फिरंग्याच्या हाती सहजी न लागलेला माणूस म्हणून मला त्याच्याविषयी आस्था आहे, आणि ती मी लपवत नाही.

आता एक प्रश्न मनात येतो. एवढी बदनामी झाल्यावर, इंग्रजी बखरींतून ‘ट्रिंबकजी’ म्हणजे खलपुरुष असं ठसल्यावर, नाव मागे पडलं का? मुळीच नाही. मघाशी मी ज्यांची नावं घेतली त्यांची जन्मसालं बघा. आत्रे 1872, बालकवी 1890, शेजवलकर 1895. ‘चित्रमय जगत’चे संपादक आणि काँग्रेसचे पुढारी त्र्यंबक रघुनाथ देवगिरीकर 1896. डेंगळ्यांच्या नंतरची पाऊण शतकाची ही पिढी, आणि नाव जोरात आहे. नाटककार त्र्यंबक सीताराम कारखानीस याच सुमाराचे. इंग्रजी सत्तेला नको असलेलं नाव मराठी घरांनी टाकलं नाही. आणखी एक गोष्ट इथे ध्यानात घ्या. भोसले, दाभाडे, डेंगळे ही मराठा घराणी, तर पिंगळे, पेठे, शेजवलकर ही ब्राह्मणांची. नावानं जात पाहिली नाही. गावाचंही तसंच आहे. त्याच त्र्यंबकात ज्योतिर्लिंगही आहे आणि निवृत्तिनाथांची समाधीही. पौष वद्य एकादशीला टाळ-मृदंगानं भरून जाणाऱ्या त्या वाटेवर शैव कोण आणि वैष्णव कोण, हे वेगळं काढता येत नाही. तिथून शेतकऱ्यांच्या घरात ‘निवृत्ती’ गेला आणि ‘त्र्यंबक’ही गेला.

बाहेरची इतकी उदाहरणं दिली, तर नाशिकचं एक द्यायलाच हवं आणि ते मला सर्वांत जवळचं आहे. गोविंद त्र्यंबक दरेकर. आबा दरेकर. कवी गोविंद. 1874 चा जन्म, पायानं अधू, आणि मित्रमेळा या क्रांतिकारी संघटनेच्या तरुणांच्या रक्तात आग लावणारी कविता लिहिणारा हा माणूस. बाबाराव सावरकरांना 1909 साली जन्मठेप काळ्या पाण्याची झाली ती गोविंदांच्या कविता छापल्याबद्दल. तुरुंगात प्रकाशक गेला आणि त्या कविता नाशिकच्या बोळांतून तोंडोतोंडी फिरत राहिल्या. या कवीच्या नावात मधोमध त्र्यंबक आहे.

मधोमध, हे महत्त्वाचं आहे. मराठी माणसाच्या नावात बापाचं नाव मध्ये असतं, आणि त्यामुळे कुठलंही नाव आपल्याकडे एकदम मरत नाही. आधी ते पहिल्या जागेवरून उतरतं आणि मधल्या जागेवर येतं. मुलाच्या दाखल्यावर, शिधापत्रिकेवर, मतदार यादीत ते आणखी एक पिढी काढतं, आणि मग जातं. काशिनाथ त्रिंबक तेलंग घ्या. न्यायमूर्ती, मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू, गीतेचे इंग्रजी भाषांतरकार. त्रिंबक हे त्यांचे दत्तक वडील, नात्यानं चुलते. एका माणसाच्या नावात काशी आणि त्र्यंबक दोन्ही. संपादक आणि कादंबरीकार गजानन त्र्यंबक माडखोलकर. ‘भारतीय साहित्यशास्त्र’वाले गणेश त्र्यंबक देशपांडे. या सगळ्यांच्या नावात बापानं त्र्यंबक जपला आहे.

आणि मराठी छपाईनं या नावाला एक मान दिलाय. इतरांच्या आद्याक्षराला एक अक्षर पुरतं, ग., वि., पु. त्र्यंबकाला मात्र पूर्ण जोडाक्षर लागतं: त्र्यं. शं. शेजवलकर, त्र्यं. वि. सरदेशमुख, ग. त्र्यं. माडखोलकर. तीन व्यंजनं आणि वर अनुस्वार. खिळे जुळवणाऱ्याला ते अक्षर वेगळं शोधावं लागत असणार. ग्रंथसूचीत डोळा फिरवताना ते अक्षर लगेच थांबवतं.

मग हे नाव कमी का झालं? देवावरची श्रद्धा कमी झाली म्हणून, असं कुणी म्हटलं तर मी ते मानणार नाही. आजच्या शाळेच्या हजेरीपटावर शंकराची नावं भरपूर आहेत. रुद्र आहे, शिवांश आहे, ओंकार आणि केदार तर घरोघरी आहेत. ओंकार आणि केदार हीसुद्धा ज्योतिर्लिंगांचीच नावं. बारांतली दोन शहरी बारशांत मानानं बसली, सोमनाथ आणि वैजनाथ गावाकडे टिकून राहिले, आणि आपल्या दारचं मात्र उंबऱ्याबाहेर राहिलं.

उच्चार अवघड म्हणून? तर नाशिककरांना हे सांगता येणार नाही. या शहरात त्र्यंबक नाका आहे, त्र्यंबक रोड आहे. रिक्षावाला, भाजीवाली, शाळकरी पोर, सगळे तो शब्द दिवसातून किती वेळा उच्चारतात, आणि कुणाची जीभ अडत नाही. नाक्याला जे नाव चालतं ते नातवाला का चालू नये?

मला दिसतं ते कारण दोन पदरांचं आहे. पहिला पदर आजोबाचा. आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव देण्याची चाल होती. त्र्यंबकचा नारायण, नारायणाचा त्र्यंबक, असं नाव एक पिढी सोडून आपोआप परत येई. ही चाल सुटली. मुलाचं नाव नवं हवं, वर्गात दुसऱ्या कुणाचं नसलेलं हवं, असं वाटू लागलं. गंमत म्हणजे आज त्र्यंबकइतकं वेगळं नाव शोधून सापडणार नाही! दुसरा पदर रोमन लिपीचा. देवनागरीत हे नाव एकाच प्रकारे वाचलं जातं. इंग्रजी अर्जावर ते ट्रिंबक होतं, ट्रायंबक होतं, त्र्यांबक होतं. शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरं, पासपोर्टावर तिसरं. मग प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात जाहिरात द्या. हा त्रास खरा आहे आणि आई-बापांनी तो टाळला तर त्यांना दोष देता येणार नाही. पण जी लिपी आपल्या भाषेची नाही, तिच्या सोयीसाठी मुलांची नावं ठरावीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वर्षानुवर्षं एकच स्पेलिंग कटाक्षानं लिहिलं तर हा प्रश्न सुटतो. 

शेवटी एक काम सांगतो आणि थांबतो. नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या आहेत. कोण आलं, कुठल्या गावचं, बापाचं नाव, आजोबाचं नाव, बरोबर कोण, कशासाठी आले, अशा पिढ्यान् पिढ्यांच्या नोंदी त्यांत आहेत. पुष्कळ नोंदी मोडीत आहेत. मी आज जे मांडलं ते प्रसिद्ध माणसांच्या नावांवरून मांडलं, कारण छापील इतिहासात तेवढीच भेटतात. निमगावचा कुणबी, येवल्याचा विणकर, वणीचा वाणी इथे येऊन गेला आणि घरी जाऊन त्यानं मुलाचं नाव काय ठेवलं, हे त्या वह्यांत आहे. एखाद्या वहीत बाप त्र्यंबकला आला, आणि पुढच्या खेपेला तोच बाप ‘त्र्यंबक’ नावाचा मुलगा कडेवर घेऊन आला, असं शाईत लिहिलेलं सापडू शकतं. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. रस्ते होतील, घाट होतील, त्यावर पैसा खर्च होईल. त्यातला थोडा या वह्यांच्या छायाप्रतींवर आणि मोडी वाचणाऱ्या दहा-वीस तरुणांच्या मानधनावर खर्च व्हावा, अशी माझी या व्यासपीठावरून महानगरपालिकेला, जिल्हा प्रशासनाला आणि इथल्या महाविद्यालयांना विनंती आहे. वह्या ज्यांच्या आहेत त्या गुरुजींच्या संमतीनं आणि त्यांचा मान राखूनच हे व्हायला हवं. सभा संपल्यावर ज्यांना मोडी येते, किंवा शिकायची इच्छा आहे, त्यांनी आपलं नाव दाराशी ठेवलेल्या वहीत लिहावं. आपण पुढच्या महिन्यात एकत्र बसू.